भिरंडाच्या सालीतलं नेमकं काय जंतू मारतं? एमएस्सीच्या प्रबंधाचा माझा अनुभव

सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी करताना शेवटच्या वर्षी प्रबंध करावा लागतो, आणि औषधी वनस्पतींचे अँटिमायक्रोबियल व अँटिऑक्सिडंट गुण हा विषय दरवर्षी कुणी ना कुणी घेतंच. वनस्पती हाताशी असते, लागणारी साधनं बहुतेक प्रयोगशाळांत असतात आणि काही ना काही निकाल हमखास येतो. हा हमखासपणाच मला खुपायचा. दाट अर्क बनवून आगरच्या, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीसारख्या थराच्या, भोकात भरपूर ओतला, तर अनेक झाडपाल्यांभोवती जंतू न वाढलेलं स्वच्छ वर्तुळ दिसतं. ते वर्तुळ नेमकं कशामुळे पडलं, याचं उत्तर मात्र फार थोड्या प्रबंधांत सापडतं. मला तेच शोधायचं होतं.

झाड निवडायला वेळ लागला नाही. गोव्यात सत्तरीतल्या आमच्या कुळागरात, म्हणजे बागेत, पोफळी-माडांच्या सावलीत भिरंडाची, म्हणजे कोकमाची, झाडं आहेत. अंगावर पित्त उठलं की सोलांचं, म्हणजे वाळवलेल्या सालींचं, पाणी चोळायचं, टाचांना भेगा पडल्या की भिरंडेल, म्हणजे बियांचं तूप, लावायचं, हे घरात बघतच मी मोठी झाले. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने 1563 साली गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात या फळाची नोंद केली आहे: आतून गडद लाल आणि अतिशय आंबट. माझ्या कामात पुढे जे काही अवघड गेलं, ते या दोन गोष्टींमुळेच, लाल रंग आणि आंबटपणा.

गाईड मॅडमना विषय सांगितला तेव्हा त्यांचा पहिलाच प्रश्न होता, "आंबटपणाचं काय करणार आहेस?" सालीत हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल भरपूर असतं. नुसत्या आम्लानेही जंतू मरतात, लिंबाच्या रसाभोवतीही वर्तुळ पडतं. म्हणजे पाण्यातला अर्क परिणाम दाखवणार हे आधीच ठरलेलं, आणि त्यातून भिरंडाबद्दल नवीन काहीच कळणार नाही. आम्लाखेरीज सालीत लाल रंगाची अँथोसायनिन्स असतात, आणि गार्सिनॉल नावाचं एक पिवळं द्रव्य असतं, वाळल्या सालीत साधारण 2 ते 3 टक्के. गार्सिनॉल पाण्यात विरघळत नाही, तेलकट द्रावकात विरघळतं. या प्रकारच्या पिवळ्या द्रव्यांचा मेथिसिलिन या प्रतिजैविकाला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जंतूवर परिणाम होतो, हे जपानी संशोधकांनी 1996 मध्ये दाखवलेलं आहे. त्यामुळे आम्ल, रंग आणि गार्सिनॉल यांची कामं एकमेकांपासून सोडवायची, असा आराखडा आम्ही कागदावर मांडला.

झाड आमचंच असल्यामुळे परवानगीचा प्रश्न आला नाही. माझ्या मैत्रिणीला म्हादई अभयारण्यातली वनस्पती हवी होती. अभयारण्यातून पान तोडायचं तरी वन खात्याची लेखी परवानगी लागते, आणि ती हातात येईपर्यंत तिचा फुलांचा हंगाम निघून गेला. जंगलातली वनस्पती घेणाऱ्यांनी अर्ज आधी करावा, प्रयोगांचं वेळापत्रक नंतर आखावं. हर्बेरियमचा नमुना मात्र मलाही करावा लागला: फांदी वर्तमानपत्रांत दाबून वाळवली, शीटवर चढवली, वनस्पतीशास्त्राच्या सरांकडून ओळख पक्की करून घेतली आणि नमुना क्रमांक मिळवला. भिरंडासारखं घरचं झाड असलं म्हणून काय झालं, गार्सिनियाच्या, म्हणजे भिरंड ज्या गटात येतं त्याच्या, जाती अनेक आहेत आणि क्रमांक नसेल तर पुढचा माणूस तुमचं काम पडताळून कसं बघणार?

फळं पिकतात एप्रिल-मेमध्ये, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस डोक्यावर असतो. वाळवण त्याआधी उरकायला हवं. घरी सोलां करताना साली मीठ घातलेल्या रसात पुन्हा पुन्हा बुडवून उन्हात टाकतात. मला मीठ अजिबात नको होतं, कारण मिठानेही जंतूंची वाढ थांबते. आजीला हे पटेना. "मीठ घालिनासतना सोलां कशीं उरतलीं?" असं ती सारखी विचारत राहिली. तिचं म्हणणं खरंच होतं, दमट हवेत बिनमिठाच्या साली दोन दिवसांत बुरसटतात. म्हणून साली पातळ चिरून एक दिवस घरी सावलीत ठेवल्या आणि लगेच प्रयोगशाळेतल्या ओव्हनमध्ये 40 अंशांवर कडकडीत वाळवल्या. तापमान त्याहून वाढवलं की लाल रंग काळपटतो. बाजारातली सोलां आणून काम करणाऱ्यांनी हा मिठाचा मुद्दा जरूर ध्यानात घ्यावा.

भुकटीचा अर्क आधी सॉक्सलेट या उपकरणात हेक्झेन या तेलकट द्रव्यं विरघळवणाऱ्या द्रावकाने काढला, म्हणजे गार्सिनॉल आणि इतर तेलकट द्रव्यं त्यात उतरली. उरलेला चोथा 70 टक्के इथेनॉलमध्ये भिजवला. पाण्याचा अर्क ताज्या भुकटीतून वेगळा केला. हेक्झेनचा अर्क रोटरी इव्हॅपोरेटरवर, म्हणजे द्रावक उडवून टाकणाऱ्या यंत्रावर, छान आटून पिवळा, चिकट थर राहिला. इथेनॉलचा अर्क कितीही आटवला तरी काकवीसारखाच राहायचा आणि बाटलीचं झाकण उघडं राहिलं की हवेतलं पाणी ओढून घ्यायचा. शेवटी तो डेसिकेटरमध्ये, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात, ठेवला आणि प्रत्येक वेळी वजन करूनच वापरला.

जंतू तीन होते: स्टॅफिलोकॉकस ऑरियस (थोडक्यात स्टॅफ), ई. कोलाय आणि स्यूडोमोनास एरुजिनोसा. म्यूलर-हिंटन आगरचा थर 4 मिलिमीटर, जंतूंचं द्रावण 0.5 मॅकफार्लंड या प्रमाणित नळीइतकं गढूळ, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये सुमारे पंधरा कोटी पेशी. हे गढूळपण डोळ्यांनी जुळवताना पांढऱ्या कागदावर काळी रेघ मारून ती दोन्ही नळ्यांमागे धरायची, रेघ सारखीच पुसट दिसली की झालं. पावसाळ्यात इथे प्लेटवर बुरशी पटकन येते, त्यामुळे पंखा बंद, दारं बंद आणि घामाने भिजलेला ॲप्रन हे ठरलेलंच.

पाण्याच्या अर्काने अपेक्षेप्रमाणे तिन्ही जंतूंवर मोठाली वर्तुळं दिली. वर्गातले सगळे बघायला आले. त्याच दिवशी मी शेजारी आणखी दोन भोकं भरली होती. एकात तोच अर्क, पण सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच 7 वर आणलेला. थेंब थेंब टाकताना लाल अर्क आधी जांभळा आणि मग करडा-निळसर होत जातो, बघत राहावंसं वाटतं. दुसऱ्यात नुसतं सायट्रिक आम्लाचं पाणी, मूळ अर्काइतक्याच पीएचचं, म्हणजे 2 च्या आसपास. सकाळी इनक्युबेटर उघडला तेव्हा सायट्रिक आम्लाभोवती अर्काइतकंच वर्तुळ होतं, आणि उदासीन केलेल्या अर्काभोवती ई. कोलाय व स्यूडोमोनास थेट भोकाच्या कडेपर्यंत वाढलेले. स्टॅफच्या प्लेटवर तेवढी एक बारीक, धूसर कड उरली होती. व्हर्नियर कॅलिपर लावून मी ती मोजली, मॅडमनाही मोजायला लावली. मोठं वर्तुळ हातचं गेलं याचं दुःख मला अजिबात झालं नाही. पाण्याचा अर्क जंतू मारतो ते मुख्यतः आंबटपणाने, हे आता नुसतं म्हणणं राहिलं नव्हतं, प्लेटवर दिसत होतं.

हेक्झेनच्या अर्काचं नेमकं उलट झालं. त्याचं वर्तुळ स्टॅफवरही किरकोळच पडलं. पण आगर हे मुळात पाणी धरून ठेवणारं माध्यम. तेलकट द्रव्य त्यात पसरतच नाही, भोकाच्या आसपास अडकून बसतं. वर्तुळाची रुंदी म्हणजे द्रव्याची ताकद असं समजून दोन अर्कांची तुलना करणं मला म्हणूनच चुकीचं वाटतं, आणि तरीही असे तक्ते प्रबंधांत सर्रास दिसतात. खरी परीक्षा द्रव माध्यमात, 96 खळग्यांच्या प्लेटमध्ये होते. प्रत्येक खळग्यात अर्क आधीच्या निम्मा करत जायचं, जंतू घालायचे, रात्रभर ठेवून सकाळी रेझाझुरिनचा निळा थेंब टाकायचा. जिवंत जंतू तो गुलाबी करतात, वाढ थांबली असेल तिथे तो निळाच राहतो.

इथेही एक सापळा आहे. भिरंडाचा अर्क अँटिऑक्सिडंट, म्हणजे तो स्वतःच रेझाझुरिनचा रंग पालटू शकतो. म्हणून एक ओळ जंतूंशिवाय, नुसता अर्क आणि रंग अशी ठेवली. एक ओळ नुसत्या डीएमएसओ या द्रावकाची, एक जेंटामायसिन या प्रतिजैविकाची. त्या ओळी निळ्या-गुलाबी जिथे जशा हव्यात तशा आल्या, तेव्हाच बाकीच्यांवर विश्वास ठेवला. हेक्झेनच्या अर्काने स्टॅफच्या ओळीत निळा रंग बराच लांबपर्यंत टिकवला, वर्तुळ बघून कुणालाही वाटलं नसतं इतका. ई. कोलाय आणि स्यूडोमोनासच्या ओळी मात्र गुलाबी. या ग्राम-निगेटिव्ह जंतूंभोवती जे बाहेरचं आवरण असतं, ते अशा तेलकट, मोठ्या रेणूंना आत येऊ देत नाही. आम्ही सगळं तीन वेगवेगळ्या दिवशी नव्याने केलं आणि तिन्ही वेळा तेच आलं.

अँटिऑक्सिडंटच्या भागात लाल रंग आडवा आला. डीपीपीएच हे जांभळं द्रावण अँटिऑक्सिडंट भेटला की फिकट होत पिवळं होतं, आणि हा बदल 517 नॅनोमीटरवर मोजतात. भिरंडाची अँथोसायनिन्स नेमका त्याच पट्ट्यातला प्रकाश शोषतात. म्हणजे द्रावण फिकट झालं तरी अर्काचा स्वतःचा रंग यंत्राला दिसत राहतो आणि गुण प्रत्यक्षापेक्षा कमी भरतो. त्यासाठी प्रत्येक प्रमाणाला डीपीपीएचशिवायचा, नुसत्या अर्काचा आकडा घेऊन तो वजा केला. शिवाय एबीटीएसची पद्धत वापरली, तिचं मोजमाप 734 नॅनोमीटरवर होतं आणि तिथे लाल रंगाचा त्रास नसतो. दोन्हींत इथेनॉलचा अर्क सरस ठरला, अस्कॉर्बिक आम्लापेक्षा (क जीवनसत्त्वापेक्षा) कमी पण चांगला. डीपीपीएच महाग आणि उजेडाला नाजूक. बाटली ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून, ज्या दिवशी वापरायचं त्याच दिवशी बनवायचं. एका पुरवठादाराने ते पाठवायला इतका उशीर केला की हा भाग शेवटच्या महिन्यात रात्री थांबून पूर्ण करावा लागला.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, "मग भिरंड हे जंतुसंसर्गावरचं औषध आहे असं म्हणायचं का?" मी नाही म्हणाले. काचेच्या प्लेटमध्ये स्टॅफची वाढ थांबली, एवढंच दाखवलं आहे. तो अर्क माणसाच्या पेशींना किती सोसतो, रक्तात पोचतो का, हे तपासलेलं नाही, आणि कच्च्या अर्कात गार्सिनॉलशिवाय इतरही तेलकट द्रव्यं आहेत. पण आजी टाचांच्या भेगांना जे भिरंडेल लावते, ते बियांच्या तुपाचं असतं, सालीचं नाही, हे मी सांगितल्यावर त्यांनी तोही अर्क का घेतला नाही असं विचारलं. प्रश्न रास्त होता. बियांत काय आहे हे वेगळं बघायला हवं, असं प्रबंधाच्या पुढील कामात लिहिलंच होतं.

हेक्झेनचा उरलेला अर्क उणे 20 अंशांवर नाव, तारीख आणि नमुना क्रमांक लिहून ठेवला आहे. पुढच्या वर्षातली एक मुलगी त्यातून गार्सिनॉल शुद्ध करून स्टॅफवर पुन्हा तीच चाचणी लावणार आहे. तिला मी अर्काबरोबर माझी वहीही दिली आहे, फसलेल्या प्लेटच्या नोंदींसकट.