खांद्याची वही: जमिनीवरचे जोर पुन्हा सुरू

या आठवड्यात जमिनीवरचे साधे जोर पुन्हा सुरू झाले. छाती खाली नेताना उजव्या खांद्याच्या पुढच्या बाजूला जी कळ यायची ती आता येत नाही. परत जाताना कंबर पूर्ण वर उचलली की मात्र शेवटी शेवटी थोडं ओढल्यासारखं वाटतं. ज्यांवर हात टेकून जोर काढायचो त्या विटा अजून भिंतीला लावून ठेवल्यात. मधल्या काळात काय काय केलं ते तालमीतल्या दोघातिघांनी विचारलं, म्हणून वहीतल्या नोंदी इथे सविस्तर लिहितोय.

दुखणं सुरू झालं ते विटांवर जोर काढायला लागल्यावर. विटांमुळं छाती तळहातांच्याही खाली जाते. तिथं कोपर पाठीच्या मागं जातं, दंडाच्या हाडाचा गोल माथा सांध्यात पुढं सरकू पाहतो आणि त्याला जागेवर धरून ठेवायचं काम रोटेटर कफच्या चार लहान स्नायूंवर येतं. छाती आणि दंड लवकर भरतात. स्नायू हाडाला जोडणारी कंडरा तेवढ्या वेगानं तयार होत नाही. तिच्यात रक्तपुरवठा कमी, त्यामुळं तिचं सगळंच सावकाश. माझ्या खांद्यात फाटलेलं काही नव्हतं, कंडरा चिडली होती. फिजिओ मॅडमनी हात बाजूनं वर उचलायला लावला, तेव्हा साधारण ६० ते १२० अंशांच्या टप्प्यातच कळ आली, त्याच्या खाली किंवा वर नाही. त्यावरून आणि इतर तपासण्यांवरून त्यांनी निदान केलं. हात उचलताच येत नसेल, बोटांना मुंग्या येत असतील किंवा पडल्यामुळं दुखत असेल, तर या वहीतलं काही करू नका, आधी डॉक्टरांना दाखवा.

तालमीत खांदा दुखला की पहिला सल्ला येतो तो तेल लावून रगडून घेण्याचा. पाठ आणि मांड्या भरून आल्यावर मालिशीसारखं सुख नाही, पण चिडलेल्या कंडरेत अंगठा रोवणं मला पटत नाही. वस्तादांनाही पटत नाही. "खांद्याला कुणी हात लावायचा नाही. बैठका मार, पण हौदा उकरायला येऊ नकोस," एवढंच ते म्हणाले. हौदा म्हणजे कुस्तीच्या मातीचा आखाडा, तो फावड्यानं उकरावा लागतो. बैठका त्यामुळं एक दिवसही बंद पडल्या नाहीत, आणि मन शाबूत राहायला त्याचा फार उपयोग झाला. रात्री दुखऱ्या कुशीवर झोपायचं नाही, उताणं झोपून दंडाखाली घडी केलेली चादर ठेवायची, एवढ्यानंही सकाळची कळ बरीच उतरली.

पहिला खरा व्यायाम म्हणजे भिंतीला नुसता दाब देणं. कोपर काटकोनात, बगलेत टॉवेलची गुंडाळी, आणि हाताची मागची बाजू भिंतीवर दाबून अर्धा-पाऊण मिनिट धरायची. हात हलत नाही, पण कंडरेवर भार येतो. नियम एकच पाळला: दुखणं दहापैकी तीनच्या वर जाऊ द्यायचं नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते वाढलेलं नसावं. वाढलं तर पुढचा भार कमी. संपूर्ण विश्रांती घेतली असती तर कंडरा आणखी कच्ची झाली असती, असं माझं ठाम मत झालंय.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट. जोरांत सगळा भार ढकलण्याचा आहे. हात पूर्ण १८० अंश वर जातो तेव्हा त्यातले सुमारे ६० अंश खांद्याच्या पात्याच्या फिरण्यातून येतात. ते पातं मागं आणि खाली ओढून धरणारे पाठीचे स्नायू मात्र जोरांत फारसे कामाला लागत नाहीत. तालमीत त्याची सोय आधीपासून आहे: दोर आणि मुदगल, म्हणजे फिरवायचा जड लाकडी सोटा. आपल्यातले बरेच जण दोराकडं वळून बघत नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं. मी अजून दोर चढत नाही. पाय जमिनीवर रोवून, दोर धरून मागं कलायचं आणि कोपरं फासळ्यांजवळ ठेवून छाती दोराकडं ओढायची. पाय जितके पुढं, तितका भार जास्त. याची दोन आवर्तनं झाल्यावर जोर काढले तर खांदा वेगळाच वागतो, स्थिर वाटतो.

मुदगल सर्वांत हलका घेतला, तोही मुठीला न धरता मुदगलाच्याच मानेजवळ धरून, म्हणजे तरफ आखूड होते. आधी नुसतं समोर झुलवणं, मग हळूहळू डोक्यामागून फेर. पाठीमागं मुदगल लोंबतो तेव्हा खांदा किती उघडतो ते डाव्या-उजव्या हातात ताडून बघता येतं. उजवा अजून थोडा अडतो.

जोरांची चढण भिंतीपासून सुरू केली: आधी भिंतीवर हात टेकून, मग तालमीबाहेरच्या कट्ट्यावर, मग जमिनीवर. प्रत्येक पायरीवर आधी कोपर न वाकवता नुसती पाती जवळ आणून लांब न्यायची. कट्ट्याची पायरी सर्वांत जास्त चालली आणि ती लांबवल्याचा फायदा जमिनीवर दिसला.

पुढचा बेत असा: जेवढे जोर तेवढीच दोराची ओढ, हौदा उकरणं फावड्याचे हात बदलत, आणि विटा दसऱ्यानंतर, त्याही एकदम उभ्या नाहीत, आडव्या ठेवून. कुणी अशा दुखण्यानंतर विटांवर परतलं असेल तर तळहातांमधलं अंतर किती ठेवलं ते जरूर सांगा. मी सध्या खांद्यांपेक्षा टीचभर जास्त ठेवतोय.