परतल्यावर येणारा ताप

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागातील कितीतरी आई-वडील हल्ली नोकरीनिमित्त पूर्व आफ्रिकेत स्थायिक झालेल्या मुलांकडे राहायला जातात. त्यांच्या तयारीत कुंदा, चटण्या, मेतकूट यांपैकी काही विसरले जात नाही. आरोग्याचा विचार मात्र पिवळ्या तापाच्या लशीपाशी येऊन थांबतो, आणि तोही परतताना भारतातील विमानतळावर दाखला मागतात म्हणून. हा नियम योग्यच आहे. पिवळा ताप आपल्या देशात नाही, पण तो पसरवणारा एडिस डास आपल्या घरोघरी आहे. लस ठरावीक मान्यताप्राप्त केंद्रांतच मिळते, तिचा दाखला दहा दिवसांनंतर ग्राह्य धरला जातो आणि २०१६ पासून एकच मात्रा आयुष्यभरासाठी पुरेशी मानली जाते.

हिवतापाचा दाखला मात्र कोणी मागत नाही, म्हणून त्याची भीतीही कोणाला वाटत नाही. ‘आम्ही डासांतच लहानाचे मोठे झालो, आम्हाला काय होणार?’ हे वाक्य मी अनेकांच्या तोंडून ऐकले आहे. या समजुतीला आधार नाही. हिवतापाविरुद्धची अर्धीमुर्धी प्रतिकारशक्ती त्याची लागण पुन्हापुन्हा होत राहिली तरच येते, आणि तो प्रदेश सोडल्यावर ती ओसरत जाते. आफ्रिकेतच जन्मलेली माणसे काही वर्षे परदेशी राहून गावी परततात, तेव्हा त्यांनाही प्रतिबंधक औषध घ्यायला सांगतात ते याच कारणाने. शिवाय तिकडे प्राबल्य आहे ते फाल्सिपेरम या घातक जातीचे, जिच्यात साधा वाटणारा ताप एक-दोन दिवसांत मेंदू आणि मूत्रपिंडापर्यंत जाऊ शकतो. तेव्हा निघण्यापूर्वी महिना-दीड महिना आधी डॉक्टरांना भेटावे, मधुमेह-रक्तदाबाची चालू औषधे दाखवून प्रतिबंधक गोळी ठरवून घ्यावी आणि हिवतापाचा डास रात्री चावतो हे लक्षात ठेवून मच्छरदाणीत झोपावे.

गोळ्यांच्या बाबतीत खरी गफलत होते ती परतल्यावर. डॉक्सिसायक्लिन घेत असल्यास हिवतापाचा प्रदेश सोडल्यानंतरही चार आठवडे, आणि अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल घेत असल्यास सात दिवस गोळी चालू ठेवावी लागते. आमच्या नात्यातील एक काका केनियाहून आले आणि ‘आता घरी पोहोचलो’ म्हणून त्यांनी गोळ्यांचे पाकीट कपाटात टाकले. थोड्याच दिवसांत थंडी वाजून ताप आला. श्रावणाचे दिवस, गल्लीत डेंग्यूचे रुग्ण, त्यामुळे साहजिकच तपासणीही डेंग्यूचीच झाली. काकूंनी बोलण्याच्या ओघात आफ्रिकेचा उल्लेख केला नसता, तर हिवतापासाठी रक्त तपासायचे कोणाच्या मनात आले असते असे मला वाटत नाही. सुदैवाने निदान वेळेत झाले आणि काका बरे झाले.

तापाच्या रुग्णाने आपण कोठे जाऊन आलो हे विचारण्याची वाट न पाहता सांगावे, एवढ्याचसाठी हे लिहितो आहे. विमानात बसलेल्यांनाच हे लागू आहे असे नाही. आपल्याकडचे लोक काजूच्या हंगामात दोडामार्ग आणि सत्तरीच्या बाजूला पाहुण्यांकडे, बागांत, कामाला जातात. तेथील जंगलात गोचिडीमार्फत पसरणारा माकडताप आहे. शिवमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात १९५७ मध्ये सापडलेला हा विषाणू पुढे गोवा आणि सिंधुदुर्गापर्यंत पोहोचला. सीमाप्रश्नाशी गोचिडीला काही देणेघेणे नसते. हा ताप साधारण डिसेंबर ते मे या काळात दिसतो आणि तो पसरवणारी गोचीड कित्येकदा इतकी बारीक असते की चावल्याचे कळतही नाही. म्हणून रानात अंगभर कपडे घालावेत, गोचीड प्रतिबंधक तेल लावावे, मेलेल्या माकडाच्या जवळपास फिरकू नये आणि घरी आल्यावर गरम पाण्याने अंघोळ करून कपडे धुवायला टाकावेत. पावसाळ्यात कोकणातील भातशेतीत अनवाणी वावरून आलेल्याला ताप आला, पोटऱ्या ठणकू लागल्या आणि डोळे लाल झाले, तर लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूजन्य तापाचा, विचार करावा लागतो. चोर्ला घाट उतरून चार दिवस राहून येणे याला आपण प्रवास म्हणत नाही, आणि डॉक्टरांनी विचारले तरी ‘कुठे नाही, इथेच होतो’ असे सांगून मोकळे होतो.

जुलाबांविषयी थोडक्यात सांगायचे तर ओआरएसची पाकिटे बॅगेत असावीत. नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. बाटलीबंद शीतपेयाने ते काम होत नाही.

तापात अंगदुखी असह्य झाली तरी डेंग्यू नाही हे कळेपर्यंत अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नये, त्याने रक्तस्राव वाढू शकतो, पॅरासिटामॉलवर भागवावे. हिवतापाच्या प्रदेशातून परतल्यानंतर वर्षभरात केव्हाही ताप आला, तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे. पहिला अहवाल निगेटिव्ह आला म्हणून निश्चिंत होऊ नये, कारण सुरुवातीला रक्तात परजीवी फार थोडे असू शकतात. ताप कायम असेल तर बारा ते चोवीस तासांच्या अंतराने आणखी दोनदा तपासणी करण्याचा आग्रह धरावा.