निम्मी केलेली हिंसा

मराठी चित्रपट, विषय नवऱ्याच्या जबरदस्तीचा. सेन्सॉरच्या परीक्षण समितीची मागणी एका ओळीची होती: बेडरूममधली हिंसा निम्म्याने कमी करा. 1991च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे असे प्रसंग कथेला आवश्यक असतील तरच, तेही कमीत कमी आणि तपशील न दाखवता ठेवायचे असतात. सूचना रास्तच आहे. पण चित्रपटाचा संकलक म्हणून ती एडिटिंगच्या टाइमलाइनवर उतरवताना जे घडलं, ते अजून डोक्यातून जात नाही.

मूळ सीन 1 मिनिट 40 सेकंदांचा. प्रदर्शनाची तारीख लागलेली, त्यामुळे निर्मात्याने संथ शॉट उडवायला लावले: ती भिंतीकडे तोंड करून पडलेली, नंतर नळाखाली मनगट धरून उभी. उरली थप्पड, झटापट आणि ओढलेला पदर. लावून पाहिलं, तर सीन चक्क चटकदार झाला होता. मार तसाच राहिला, दुखणं तेवढं गेलं. सेकंद मोजणाऱ्यांना हा फरक दिसतच नाही.

मग उलट्या बाजूने धरलं. पडद्यावरच्या थपडेत हात गालाला लागत नाही. कॅमेऱ्याच्या कोनामुळे मधलं अंतर दिसत नाही एवढंच. सेकंदाला 24 फ्रेम, त्यातल्या गालाजवळच्या 2-3 कापल्या की फटका बसतो. बाकीचं काम आवाजाचं. मी फटकाच काढला. दार लोटलं जातं, मग पॅसेज, शेजारच्या खोलीत गृहपाठ करणारी मुलगी. फटका दारापलीकडे ऐकू येतो: फोलीत, म्हणजे स्टुडिओत वेगळे आवाज करून रेकॉर्ड करतात तिथे, ओल्या चामड्यावर हात मारून घेतलेला, मिक्सिंगला वरच्या फ्रिक्वेन्सी कापून दबका केलेला. पार्श्वसंगीत पूर्ण बंद, कारण व्हायोलिन वाजलं की रडायचं काम तेच करतं आणि प्रेक्षक सुटतो. मुलीची पेन्सिल थांबते, 4 सेकंद नुसती पंख्याची घरघर. मग नळाचा शॉट, सबंध.

पदराच्या क्लोजअपसाठी दिग्दर्शक अडून बसला. तो शॉट नवऱ्याच्या नजरेतून घेतलेला. ठेवला की प्रेक्षक नवऱ्याच्या जागी जाऊन बसतो. शरीर दाखवायला माझा विरोध नाही. पूर्वार्धात दोघांचा प्रेमाचा प्रसंग आहे, त्यात दिवा तीच लावते. तो मी एका फ्रेमनेही कमी होऊ दिला नाही, कारण तिचं पुढे काय हिरावलं गेलं ते त्यावरूनच कळतं.

समितीने बदल मान्य केले, प्रमाणपत्र मात्र 'अ'च, म्हणजे फक्त प्रौढांसाठीचं, मिळालं. 'अ' म्हणजे टीव्हीचा रस्ता बंद. आता टीव्हीसाठी यूए 16+ (सोळाखालच्यांनी पालकांच्या मार्गदर्शनाने पाहायचा) मिळवायची खटपट चालू आहे, आणि निर्मात्याच्या नव्या कटलिस्टमध्ये, म्हणजे कापायच्या शॉटच्या यादीत, पहिला नंबर नळाच्या शॉटचा आहे. मी नकार कळवला आहे.