मुलांना घेऊन गुहागर ते गणपतीपुळे: आधी घरं ठरवली, मग वाट

मुलांबरोबर मुक्काम करत करत चालायचं असेल तर आधी घरं ठरवावीत, वाट मागाहून. हे मला माझ्या मावसबहिणीने सांगितलं. ती झुरिकला असते आणि सुट्टीत दोन्ही मुलांना घेऊन तिथल्या डोंगरात झोपडी ते झोपडी चालते. स्वित्झर्लंडचा अल्पाइन क्लब १८६३ सालचा, आणि त्यांच्या दीडशेच्या आसपास झोपड्या त्या डोंगरांत आहेत. म्हणायचं झोपडी, पण असतं भक्कम दगडी नाहीतर लाकडी घर. दारातच बूट काढायचे, तिथल्या सपाता घालायच्या, साडेसहा-सातला सगळ्यांची पंगत, मोठ्या खोलीत ओळीने गाद्या आणि रात्री दहाला सामसूम. ती म्हणाली, "मुलांना शिखराचं काही नसतं गं. पुढे एक घर आहे, तिथे आपलं नाव लिहून ठेवलंय, कुणीतरी गरम सूप देणार आहे, एवढं कळलं की ती चालतात."

आम्ही चिपळूणचे. थोरली पाचवीत, धाकटा दुसरीत. आल्प्स काही आम्हाला जवळ नाही, पण अर्ध्या दिवसाच्या चालीवर पुढचं गाव हे आपल्या किनाऱ्यावर सहज मिळतं, आणि त्या गावात घरगुती राहण्या-जेवणाची सोय करणारं एखादं तरी घर असतं. मग नाताळच्या सुट्टीत गुहागरहून दक्षिणेला चालत निघायचं ठरवलं: पालशेत, वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ, खाडी ओलांडून जयगड, आणि तिथून मालगुंड-गणपतीपुळे. हाच पट्टा निवडला त्याला एक कारण होतं. इथे बहुतेक गावांत एसटी जाते, काही ठिकाणी वस्तीची गाडीही असते. मूल थकलं, पाय मुरगळला, तर हात दाखवून गाडीत बसता आलं पाहिजे. ही सोय नसती तर धाकट्याला घेऊन मी निघालेच नसते.

घरं ठरवायला जितका वेळ गेला तितका बाकी कशालाच लागला नाही. रिसॉर्टवाल्यांना मी फोनच केला नाही. तिथे मुलं खोलीत टीव्ही लावून बसतात आणि चालण्याचा धागा तुटतो. माझे प्रश्न ठरलेले होते. घरातली माणसं तिथेच राहतात का? मुलांना संध्याकाळी सातला जेवायला मिळेल का? सकाळी सातच्या आत न्याहारी होईल का? आम्ही दुपारी बाराच्या सुमारास पोचलो तर टेकायला जागा मिळेल का? वेळणेश्वरच्या काकूंशी झालेलं बोलणं अजून आठवतं.

"गाडी कुठली आहे तुमची? अंगणात एकच मावते."

"गाडी नाही काकू, चालत येतोय."

"चालत? कुठून?"

"पालशेतहून."

जरा वेळ फोनवर काहीच आवाज नाही. मग म्हणाल्या, "पोरांना काय आवडतं तेवढं सांगून ठेव. आणि पोचायला उशीर झाला तर कळव हो, मी वाट बघत बसेन." अहो-जाहो एका वाक्यात संपलं होतं. त्या घरी जायचं तिथेच पक्कं झालं.

दुसरं काम भरती-ओहोटीचं. पुळणीवरून, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूवरून, चालायचं तर ओहोटीला; ओली वाळू घट्ट असते, पाय रुतत नाही. भरतीला वरच्या भुसभुशीत वाळूतून मोठं माणूससुद्धा दमतं, मुलांची तर बातच सोडा. आमच्या आजोळी सगळ्यांना पाठ असलेला हिशोब आहे: तिथीची पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन. दुपारी तीनला भरती, आणि त्याआधी सव्वासहा तासांनी, म्हणजे पावणेनऊच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. पुढे रोज हे सगळं पाऊण तासाने सरकतं. अष्टमीला सकाळी सहाला भरती येते आणि बाराला ओहोटी, म्हणजे मुलांना चालवायचं ते नेमकं उन्हात. म्हणून शुद्ध तृतीयेला निघालो. पहिले सगळे दिवस ओहोटी आठ ते साडेदहाच्या मध्ये पडणार होती आणि संध्याकाळी पश्चिमेला चंद्राची कोरही दिसणार होती. हा अर्थात ठोकताळा आहे, अर्धा तास इकडेतिकडे होतो, म्हणून छापील तक्त्याशी ताडून पाहिलं. रोजचा हिशोब मांडायचं काम थोरलीकडे दिलं. कॅलेंडरचं पान फाडून तिने खिशात ठेवलं होतं आणि रात्री जेवताना ती आम्हाला उद्या किती वाजता निघायचं ते सांगायची. तिचं ऐकून आम्ही उठतोय म्हटल्यावर सकाळी तिला हाक मारावी लागली नाही.

सामानाबाबत माझं मत पक्कं आहे: मुलांच्या पाठीवर ओझं नको. आल्प्समध्ये सगळं पाठीवरच न्यावं लागतं, आपल्याकडे ती सक्ती नाही. मोठी सॅक रोज सकाळी गावातल्या रिक्षाने पुढच्या घरी पाठवली. थोरलीकडे पाण्याची बाटली, टोपी, स्वेटर. धाकट्याकडे बाटली आणि खाऊचा डबा, त्यात शेंगदाणे-गूळ, खजूर, चिक्की. आमच्या दोघांच्या पाठीवर पाणी, औषधं, आणि बाटलीत कोकमाचं आगळ. साखर-मीठ घालून त्याचं पाणी केलं की उन्हात मुलं आनंदाने पितात.

आता जे टाळून चालणार नाही ते. कोकणच्या कातळावर फुरसं असतं. लहानसा साप, अंगाचा रंग जांभ्या दगडात आणि पाचोळ्यात मिसळून जाणारा, म्हणून पटकन दिसत नाही. लाल विंचूही आहेच. या विंचवाच्या दंशावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी आयुष्यभर जे काम केलं त्यामुळे कितीतरी माणसं वाचली, पण वेळेत दवाखाना गाठावा लागतोच. मुलांना निघण्याआधी नियम सांगितले आणि रोज सकाळी त्यांच्याकडून म्हणवून घेतले: दगड उलटायचा नाही, गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, फटीत हात घालायचा नाही, बूट झटकल्याशिवाय पायात घालायचे नाहीत, गवतात मोठ्या माणसाच्या मागे चालायचं. प्रत्येक टप्प्यावर जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र कुठे आहे आणि तिथे सर्पदंशावरचं औषध (प्रतिविष) आहे का, हे फोन करून विचारून ठेवलं. साप चावलाच तर चिरायचं नाही, घट्ट बांधायचं नाही, मुलाला चालू द्यायचं नाही, उचलून गाडीत घालायचं. एवढं घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ठाऊक असायलाच हवं.

दुसरा धोका कुणी सांगत नाही. डिसेंबर-जानेवारीत हापूसला मोहोर असतो आणि बागांमध्ये औषधाची फवारणी चालते. मधली वाट बागेतून जात असेल तर आधी राखणदाराला विचारावं. एका बागेत राखणदाराने आम्हाला हातानेच लांब थांबवलं, पंप बंद केला, आणि वाऱ्याच्या उलट्या बाजूने गडग्याकडेने नेऊन सोडलं. धाकट्याने त्याला चिक्की दिली.

गुहागरची पुळण पायाखाली घालायला सोपी. व्याडेश्वराचं दर्शन घेऊन सुरूच्या बनातून समुद्रावर उतरलो आणि दक्षिणेकडे असगोलीच्या दिशेने चालायला लागलो. इथे आमचा वेग म्हणाल तर काहीच नव्हता, कारण वाळूवर खेकडे होते. बोटाच्या पेरापेक्षा लहान. बिळातून बाहेर यायचं, वाळू तोंडात घ्यायची, त्यातलं खाण्याजोगं काढून घ्यायचं आणि उरलेल्या वाळूची बारीक गोळी करून मागे टाकायची. बिळाभोवती या गोळ्यांच्या रेघा पडत जातात, थेट ठिपक्यांच्या रांगोळीसारख्या. आमची चाहूल लागली की सगळे एकदम गडप. मुलं पोटावर झोपून श्वास रोखून बसली, तेव्हा कुठे एक बाहेर आला. बराच वेळ गेला, जाऊ दिला. टप्पे लहान ठेवायचे ते याच्यासाठीच.

असगोलीनंतर पुळण संपते आणि सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळपठारावर, चढावं लागतं. सड्याचं गणित वेगळं. सावली नाही, जांभा तापतो, अकरा वाजले की पायाखालून झळा येतात. सातला निघायचं आणि अकराच्या आत छपराखाली असायचं, हा दंडक आम्ही कुठेही मोडला नाही.

पालशेत ते वेळणेश्वर हा सगळ्यात लांब टप्पा. तो पूर्ण चालायचाच नाही हे घरीच ठरलं होतं. अडूरपर्यंत पायी आणि पुढे एसटी. तरीही अडूरच्या अलीकडे चढावर धाकटा खाली बसला. रडला नाही, ओरडला नाही, नुसता बसला आणि म्हणाला, "मी आता इथेच राहणार." त्याच्या बाबांनी त्याला खांद्यावर घेऊ का विचारलं, तर नाही म्हणाला. मी त्याच्याशेजारी बसले. वेळणेश्वरच्या काकूंनी आज चतुर्थी म्हणून मोदक करणार असल्याचं कळवलं होतं, ते त्याला ठाऊक होतं. थोड्या वेळाने त्यानेच विचारलं, "काकू आपली वाट बघत असतील?" म्हटलं, "असतील ना. त्यांनी सांगितलंच होतं." मग आणखी जरा बसला आणि उठला. मावसबहिणीचं म्हणणं मला तिथे त्या चढावर पटलं. त्या पोराला अंतर कळत नव्हतं, पण आपली वाट बघणारं माणूस कळत होतं.

काकूंकडे पडवीत पाय धुवायला गरम पाणी तयार होतं. आधी मऊभात, मेतकूट, तूप, मोदक रात्री. मुलांनी एक वही बरोबर घेतली होती. आल्प्समधल्या झोपड्यांत मुलं वहीवर शिक्के गोळा करतात, तसं आपल्याकडे प्रत्येक घरच्या माणसाने काहीतरी लिहून द्यायचं, अशी कल्पना. काकूंनी घावन कसे करायचे ते लिहिलं, त्यात "तांदूळ जुना घ्यावा" याच्याखाली दोन रेघा. पालशेतच्या आजोबांनी गावाजवळच्या खाडीचा नकाशा काढून दिला होता. मुलं आता त्या वहीला कुणाला हात लावू देत नाहीत.

वेळणेश्वर ते हेदवी अंतर थोडं, म्हणून मुद्दामच तिथे दुपार मोकळी ठेवली. हेदवीला दशभुजा लक्ष्मीगणेशाचं देऊळ आहे, पांढऱ्या संगमरवरी मूर्तीचं, पण मुलांना ओढ होती बामणघळीची. उमामहेश्वराच्या देवळाजवळ खडकात एक अरुंद लांब भेग आहे. भरतीची लाट तीत घुसते, पुढे जायला जागा नसते, म्हणून पाणी वर उसळतं. चालायला ओहोटी लागते आणि घळ बघायला भरती. आमच्या हिशोबात पंचमी होती, सकाळी साडेनऊला ओहोटी मिळाली आणि पावणेचारला भरती. थोरली घड्याळ घेऊन उभी होती. उधाणाचं पाणी असतं तर फवारा आणखी उंच गेला असता, पण तेव्हा खडक जास्त ओले आणि निसरडे असतात. मुलं असताना मधल्या तिथ्याच बऱ्या. लांबूनच बघितलं, मुलांचे हात आमच्या हातात. इथे कडेला जाऊन फोटो काढणारी माणसं बघून माझ्या पोटात गोळा येतो.

पुढे नरवण, रोहिले करत तवसाळ, थोडं पायी आणि थोडं एसटीने. तवसाळहून जयगडला फेरीबोट जाते. शास्त्री नदी इथे समुद्राला मिळते. रस्त्याने फिरून जायचं तर केवढा तरी वळसा, बोटीने मात्र बघता बघता पलीकडे. गाड्या आत लागेपर्यंत मुलांना घेऊन बाजूला थांबायचं, गाड्यांच्या मध्ये उभं राहायचं नाही.

जयगडला किल्ला आणि समुद्राकाठचं कऱ्हाटेश्वराचं देऊळ पाहिलं. तिथून पुढचा रस्ता आम्ही चाललो नाही. बंदर आणि वीज प्रकल्पामुळे या रस्त्याला मोठे ट्रक असतात, कडेने चालायला जागा नाही. तिथे मुलांना चालवण्यात काय अर्थ? मालगुंडपर्यंत गाडीने गेलो, केशवसुतांचं घर पाहिलं आणि तिथून गणपतीपुळ्यापर्यंत पुन्हा पायी. गणपतीच्या देवळामागच्या डोंगराला प्रदक्षिणा घातली ती दोघांनी आपणहून. समुद्रात मात्र कुणालाच उतरू दिलं नाही. गणपतीपुळ्याचं पाणी दिसतं शांत, पण तिथे दरवर्षी माणसं बुडतात. मुलांनी हट्ट केला, मी ऐकला नाही.

पुढच्या सुट्टीत गुहागरहून उत्तरेला जायचं आहे: अंजनवेल, वेलदूर, धोपाव्याहून फेरीने दाभोळ, मग कोळथरे, बुरोंडी, लाडघर, मुरूड, हर्णै, आंजर्ले. तिथी थोरलीने काढून ठेवल्या आहेत. घरं अजून सगळी जमलेली नाहीत. कोळथरे ते लाडघर या पट्ट्यात मुलांना सातला जेवू घालणारं, माणसांचा राबता असलेलं घर कुणाला माहीत असेल तर जरूर सांगा.