सेटच्या हिशेबाने लाईट गेलेली होती

दोन्ही स्पीकर एकाच वेळी गप्प झाले की गिऱ्हाईक म्हणतं, स्पीकर गेले. पण दोन स्पीकर सहसा एकाच दिवशी मरत नाहीत. ॲम्प्लिफायरची डावी आणि उजवी बाजूही क्वचितच एकदम जाते. दोन्हीकडचा आवाज मिळून गेला असेल तर दोष आधी दोघांच्या सामायिक जागेत शोधायचा: टेपचा आवाज ऐकायचं ‘टेप मॉनिटर’ बटण चुकून दाबलं गेलं आहे का, स्पीकर ए-बी निवडायचा खटका कुठे आहे, मागच्या बाजूला ॲम्प्लिफायरच्या दोन टप्प्यांना, म्हणजे प्री-आउट आणि मेन-इनला, जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या जागेवर आहेत का. घरोघरी जाऊन पाहिलेल्या ‘बंद’ सेटमधले पुष्कळ इथेच सुरू होतात.

कोथरूडच्या काकांचा सेट तसा नव्हता. १९८९ साली मस्कतहून आणलेला जपानी ॲम्प्लिफायर, टर्नटेबल आणि लाकडी पेटीतले भारी स्पीकर. फोनवर त्यांनी आवाजाची तक्रार केलीच नाही. म्हणाले, “एकांनी दुरुस्त केलाय, तरी चालत नाही. आता ते म्हणतात, रिले काढून डायरेक्ट जोडून देतो. करू देऊ का?” मी म्हटलं, “काका, मी येईपर्यंत प्लगसुद्धा लावू नका.”

रिले का काढायचा नाही, हे थोडं सांगायला हवं. असा सेट चालू केला की पाचेक सेकंदांनी आतून ‘टक्’ असा आवाज येतो. तेवढ्या वेळात आतलं संरक्षणाचं सर्किट सगळं ठीक आहे ना ते पाहतं आणि मगच रिले, म्हणजे विजेवर चालणारा खटका, लावून स्पीकरला ॲम्प्लिफायरशी जोडतं. आउटपुटचा एखादा ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला, तर सप्लायचे ५० व्होल्ट थेट स्पीकरच्या कॉइलवर येतात. आठ ओहमच्या स्पीकरची कॉइल मीटरवर सहा ओहमच्या आसपास दाखवते. म्हणजे चारशे वॉटची नुसती उष्णता त्या बारीक तारेत. काही क्षणांत कॉइल जळते. रिले असतो तो हे होऊ नये म्हणून. तो लागत नसेल तर ती तक्रार आहे आणि तिचं कारण शोधायचं असतं. तक्रार करणाऱ्यालाच काढून टाकायचं, हा सल्ला कुणी मेकॅनिकने द्यावा याचा मला अजूनही राग येतो.

घरी गेल्यावर आधी दीड व्होल्टचा सेल स्पीकरच्या तारांना टेकवून पाहिला. दोन्हीकडे ‘खुट्’ झालं, वूफर हलले. स्पीकर आणि तारा ठीक. मग सेट सिरीज बल्बवर लावला, म्हणजे मेन्स आणि सेटच्या मध्ये बल्ब जोडला. आम्ही साठ आणि शंभर वॉटचे जुने तारेचे बल्ब जपून ठेवतो. एलईडी बल्ब इथे काही कामाचा नाही. आत शॉर्ट असेल तर बल्ब भगभगीत पेटून राहतो. इथे तो एकदा उजळला आणि मंद झाला. मोठा शॉर्ट नाही, म्हणून थेट मेन्सवर घेतला. हेडफोन लावला तर दोन्ही कानांत स्वच्छ तानपुरा. या सेटमध्ये हेडफोनचा जॅक रिलेच्या आधी जोडलेला आहे. म्हणजे रिलेपर्यंत ॲम्प्लिफायर सुखरूप होता आणि ‘टक्’ मात्र येत नव्हता.

काकांना विचारलं, बंद पडायच्या आधी काही वेगळं जाणवत होतं का. म्हणाले, “गेल्या पावसाळ्यापासून आवाज उशिरा यायचा. कधी दोनदा बंद-चालू करावं लागायचं.” हा प्रश्न त्यांना आधी कुणी विचारलाच नव्हता.

सेट दुकानात आणून झाकण काढलं आणि ‘दुरुस्ती’ दिसली. हीटसिंकवरचे, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्टीवरचे, चारही आउटपुट ट्रान्झिस्टर नवे होते. त्यांच्याखालच्या अभ्रकाच्या पट्ट्यांना उष्णता पुढे नेणारी पेस्ट नव्हती, सोल्डर ढेकळासारखं. आधी तिथे तोशिबाचे सी ३२८१ आणि ए १३०२ होते, ते काकांकडच्या सर्व्हिस मॅन्युअलवरून कळलं. ही जोडी बनायची केव्हाच बंद झाली, आणि बाजारात तिच्या नावाने नकली माल इतका खपतो की अस्सल सापडणं नशिबाची गोष्ट. हेडफोनमध्ये आवाज स्वच्छ येत होता आणि रिलेच्या आधी आउटपुटवर डीसी (जो स्पीकरकडे जाऊ नये) फक्त १२ आणि १८ मिलिव्होल्ट होता. पन्नासच्या आत असला की आम्ही निर्धास्त असतो. हे आकडे नव्या जोडीचे, जुनीबद्दल ते काही सांगत नाहीत; पण आवाज उशिरा येतो एवढ्या तक्रारीवरून जुनी मेली होती असं मानायला मला तरी काही आधार सापडला नाही.

मग रिले का लागत नाही? संरक्षणाचं काम करणारी आयसी जपानच्या एनईसी कंपनीची १२३७, एका रांगेत आठ पाय. त्या काळच्या कितीतरी सेटमध्ये हीच असते. आठव्या पायावर सप्लाय होता. दुसऱ्या पायावर, जिथे आउटपुटचा डीसी तपासला जातो, शून्य. पहिल्या, ओव्हरलोडच्या पायावरही काही नाही. राहिला चौथा. हा पाय ट्रान्सफॉर्मरचा एसी येतो आहे का ते पाहतो, म्हणजे स्विच बंद करताच रिले तिथल्या तिथे सुटावा आणि स्पीकरमध्ये धप्प आवाज होऊ नये. त्यासाठी एका डायोडमधून (वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या पार्टमधून) उणे व्होल्टेज तिथे येत राहतं. माझ्या मीटरवर तिथे शून्याच्या वर आकडा होता. सगळे दिवे लागलेले, सप्लाय पुरा, पण सेटच्या हिशेबाने लाईट गेलेली होती आणि म्हणून तो स्पीकर जोडत नव्हता. जे सांगितलं जात होतं त्यावर तो अगदी बरोबर वागत होता.

तो डायोड मोठ्या फिल्टर कपॅसिटरच्या पायथ्याशी, गोंदाखाली निघाला. कपॅसिटर हलू नयेत म्हणून कारखान्यात घातलेला हा गोंद नवा असताना फिकट पिवळसर असतो. वर्षानुवर्षं उष्णता खाऊन तो कॉफीसारखा तपकिरी होतो, हवेतली ओल धरतो, थोडी थोडी वीज वाहू देतो आणि ज्या तारेला चिकटलाय ती खातो. पावसाळ्यात तक्रार सुरू व्हावी ती अशी. मी बांबूची काडी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन गोंद खरवडत गेलो. डायोडचा एक पाय हिरवा पडला होता. चिमट्याने स्पर्श केला आणि तो तुटून आला.

नवा डायोड घातला, आजूबाजूचा सगळा गोंद काढला, दोन रेझिस्टरचे पाय काळे पडले होते तेही बदलले. सेट चालू केला. पाच सेकंद, आणि टक्.

काम इथे संपलं असतं तर मी हे लिहिलं नसतं. ते चार ट्रान्झिस्टर मला तसेच ठेववेनात. अधिकृत वितरकाकडून सी ५२०० आणि ए १९४३ मागवले. त्या जुन्या जोडीच्या जागी हीच चालते. पेस्ट लावून नीट बसवले, ०.२२ ओहमच्या रेझिस्टरवर १० मिलिव्होल्ट धरून बायस, म्हणजे गाणं नसतानाही ट्रान्झिस्टरमधून वाहता ठेवायचा थोडा करंट, लावला. काढलेल्यांपैकी एक पकडीने फोडला. आतली सिलिकॉनची चकती जेमतेम तिळाएवढी होती. अस्सलमध्ये ती कितीतरी मोठी असते. मोठ्या आवाजात हे किती दिवस टिकले असते? आणि ते शॉर्ट झाले असते तेव्हा रिले डायरेक्ट असता तर?

रिलेचे काँटॅक्ट जाड कागदाची पट्टी अल्कोहोलमध्ये भिजवून त्यांच्यामधून ओढून साफ केले. पॉलिश पेपर कधी घालायचा नाही, वरचा चांदीचा थर जातो. हे मला शिकवलं त्यांनीच तो सेट आधी उघडला होता.

काकांनी नाव सांगितलं नव्हतं, पण त्यांच्याकडच्या पावतीवरचं अक्षर मी ओळखलं. आमच्याच लाइनमधले, वयाने मोठे. मी त्यांना अण्णा म्हणतो. सोल्डरिंगचा हात त्यांच्याकडे बसून तयार झाला. भेटायला गेलो. “अण्णा, रिले का लागत नव्हता ते पाहिलंत का?”

ते म्हणाले, “तू पाहिलंस. किती वेळ गेला?”

“दुपार गेली सगळी.”

“मी दुपार घालवली आणि डायोड बदलला, तर गिऱ्हाईक विचारतं, एवढंच बदललंत? चार ट्रान्झिस्टर बदलले की विचारत नाही. पार्टचे पैसे देतात रे लोक, डोक्याचे नाही.”

“आणि जुने ट्रान्झिस्टर?”

“भंगारात गेले.”

मी रागाने गेलो होतो, पण उत्तर सुचलं नाही. कारण आदल्याच दिवशी काकांनी माझ्या बिलावर बोट ठेवून विचारलं होतं, “तपासणी म्हणजे काय? हे कशाचे पैसे?” ट्रान्झिस्टरच्या ओळीवर ते काही बोलले नव्हते. सुशिक्षित, सज्जन माणूस. मी बोर्डाचा फोटो दाखवला, तुटलेला डायोड हातावर ठेवला, तेव्हा त्यांनी सगळे पैसे दिले. पण न समजावता दिले असते का, सांगता येत नाही. डॉक्टरांनी तपासून गोळी लिहून दिली नाही तरी फी द्यायची हे आपल्याला पटलेलं आहे. मेकॅनिकने मात्र काहीतरी बदलून दाखवलंच पाहिजे. मग तो बदलतो. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत स्वस्त पार्ट हवे तितके मिळतात. दुरुस्त होण्यासारखे किती सेट असे चांगले पार्ट गमावून कायमचे बसले असतील!

अण्णांची बाजू मला समजते, तरी मान्य होत नाही. पार्ट बदलायचे ते बदला. रिले डायरेक्ट करतो म्हणणं त्यात बसत नाही. हे त्यांना सांगितलं. ते म्हणाले, “स्पीकर जळला असता तर मी बघितलं असतं.” पुढे बोलणं झालं नाही.

तपासणीची फी आता मी सेट उघडायच्या आधी सांगतो आणि कागदावर लिहून देतो. ऐकून काही जण सेट उचलतात आणि पुढच्या दुकानात जातात. तिथे त्यातलं काय काय बदललं जाईल, हे मला तेव्हाच दिसत असतं.