वय झालं, आता काय काय बंद करू?

आहाराबद्दल सल्ला देण्याचं काम करत असल्यामुळे हा प्रश्न मला सतत ऐकायला मिळतो. पन्नाशी उलटली की लोक विचारायला लागतात: "आता वय झालं, काय काय खायचं बंद करू?" काहींनी विचारायच्या आधीच साखर, तेल, अंडी सोडलेली असतात, काहींनी रात्रीचं जेवणच बंद केलेलं असतं. तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझं उत्तर ऐकून बऱ्याच जणांचा हिरमोड होतो. बंद करायच्या गोष्टी मोजक्याच आहेत आणि त्या तुम्हाला ठाऊक आहेत: जास्तीचं मीठ, साखरेची पेयं, ट्रान्स फॅट असलेले पदार्थ, खारवून-प्रक्रिया करून टिकवलेलं मांस. त्यावर मी फार वेळ घालवत नाही. मला खरी काळजी वाटते ती एवढं सगळं सोडल्यावर ताटात जे उरतं त्याची.

वय वाढतं तशी शरीराची उष्मांकांची गरज कमी होते, कारण स्नायू कमी झालेले असतात आणि हिंडणं-फिरणंही. पण प्रथिनं, कॅल्शियम, ब१२, ड जीवनसत्त्व यांची गरज काही कमी होत नाही, काहींची तर वाढते. म्हणजे आधीपेक्षा थोड्या अन्नातून तेवढंच किंवा जास्त पोषण मिळवायचं असतं. प्रत्यक्षात होतं उलटंच. भूक मंदावते, दात साथ देत नाहीत, एकट्यासाठी स्वयंपाक करायचा कंटाळा येतो. मग मऊ, गोडसर, पटकन होणारं तेवढं खाल्लं जातं.

एका मुलीने तिच्या ७४ वर्षांच्या आईला माझ्याकडे आणलं होतं. "आई बाहेरचं काही खात नाही, तळलेलं तर शिवतसुद्धा नाही, रिपोर्ट सगळे नॉर्मल. मग थकवा कसला?" मी त्या बाईंना आदल्या दिवशीचं खाणं आठवून सांगायला सांगितलं. सकाळी चहा आणि दोन टोस्ट. दुपारी थोडा भात, त्यावर पातळ डाळ. संध्याकाळी पुन्हा चहा, बिस्किटं. रात्री भाज्यांचं गाळलेलं सूप, "म्हणजे पोटाला हलकं". बेरीज केली तर दिवसभराची प्रथिनं जेमतेम २० ग्रॅमच्या आसपास भरली. मग मी त्यांना हात न टेकता खुर्चीतून उठायला सांगितलं. त्यांनी पावलं मागे घेतली, पुढे झुकल्या, अर्ध्यावर आल्या आणि परत बसल्या. दुसऱ्यांदा दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर रोवून उठल्या. त्यांचं रक्त तपासलं गेलं होतं, पण मांड्यांची ताकद किती उरली आहे, हे कोणी पाहिलंच नव्हतं.

स्नायू तिशीनंतर हळूहळू कमी व्हायला लागतात, दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के, आणि साठीनंतर हा वेग वाढतो. वैद्यकशास्त्रात याला सार्कोपेनिया म्हणतात. हे नाव अर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये सुचवलं. म्हणजे ज्या गोष्टीमुळे माणूस पडतो, हाड मोडून घेतो आणि परावलंबी होतो, तिला नाव मिळूनही अजून फार काळ झालेला नाही. त्यात आणखी एक अडचण असते. तरुण शरीर जेवढ्या प्रथिनातून स्नायू बांधतं, तेवढ्यात म्हातारं शरीर तितकंसं काम करत नाही, त्याला जास्त माल लागतो. म्हणूनच प्रौढांसाठी दर किलो वजनामागे ०.८ ग्रॅम प्रथिनं पुरेशी मानली जात असली, तरी ६५ वर्षांपुढच्या लोकांनी १ ते १.२ ग्रॅम घ्यावीत, असा सल्ला प्रॉट-एज या तज्ज्ञगटाने २०१३ मध्ये दिला. ६० किलो वजन असेल तर दिवसाला ६० ते ७२ ग्रॅम. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिनं वाढवू नयेत, हे मी प्रत्येकाला बजावून सांगते.

आकडा मोठा वाटतो, पण जमतो. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, पेलाभर दुधात ८, वाटीभर घट्ट शिजवलेल्या डाळीत किंवा कडधान्यात १० ते १२, शिजवलेल्या १०० ग्रॅम मासळीत २० च्या वर. गडबड असते ती वाटणीत. बहुतेकांची प्रथिनं एकाच जेवणात कोंबलेली असतात आणि सकाळचा नाश्ता कोरडा जातो. प्रत्येक जेवणात २०-२५ ग्रॅम येतील असं पाहिलं तर स्नायूंना त्याचा जास्त उपयोग होतो. म्हणून मी सुधारणा नेहमी नाश्त्यापासूनच सुरू करते. आणि हो, नुसतं खाऊन भागत नाही. स्नायूंवर भार पडला तरच खाल्लेलं त्यांच्या कामी येतं. खुर्चीतून पुन्हा पुन्हा उठणं, जिने चढणं, थोडं वजन उचलणं, यातलं काहीतरी रोज हवंच.

ब१२ ची गोष्ट वेगळी आहे. ते प्राणिज अन्नातच असतं आणि तिथे प्रथिनांना चिकटलेलं असतं. पोटातल्या आम्लाने ते सुटं झालं की मगच शरीरात शोषलं जाऊ शकतं. वयानुसार बऱ्याच जणांचं हे आम्ल कमी होतं. शिवाय आम्लपित्तावरच्या काही गोळ्या आणि मधुमेहावरचं मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं तर ब१२ आणखी घटू शकतं. पायाला मुंग्या, विसराळूपणा, तोल जाणं हे सगळं "वय झालं" म्हणून सोडून दिलं जातं, तेव्हा मला फार वाईट वाटतं, कारण साध्या रक्ततपासणीत हे कळतं आणि वेळीच कळलं तर सुधारतं. गोळीतलं ब१२ आधीच सुटं असल्यामुळे ते या वयातही अंगी लागतं. ड जीवनसत्त्वाचंही असंच, म्हातारी त्वचा उन्हातून ते कमी बनवते.

पण म्हणून गोळ्यांची मूठ भरून जेवण भागत नाही. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर एक मोठी चाचणी झाली होती. फळं-भाज्या जास्त खाणाऱ्यांमध्ये कर्करोग कमी दिसतो, म्हणून भाज्यांमधलं बीटा कॅरोटीन गोळीतून देऊन पाहिलं. १९९४ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा गोळी घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त निघाला. गाजरात बीटा कॅरोटीनबरोबर आणखी शेकडो घटक असतात, तंतुमय भाग असतो. ते सगळं गोळीत येत नाही. तपासणीत कमतरता सापडली तर गोळी जरूर घ्या. "घेतलेली बरी" म्हणून घेऊ नका.

दात नाहीत म्हणून भाज्या, फळं, दाणे सोडणारे खूप भेटतात. पदार्थ तोच ठेवा, त्याचं रूप बदला. दाणे कुटून घ्या, पालेभाजी बारीक चिरून मऊ शिजवा, फळ किसून किंवा कुस्करून खा. सूप गाळू नका. चोथा टाकला की तंतुमय भाग गेला, आणि मग बद्धकोष्ठतेवर औषध शोधत बसायचं. तहानही या वयात उशिरा लागते, तेव्हा तहान लागायची वाट न पाहता पाणी प्यायला हवं. चव आणि वास मंदावल्यामुळे मिठावर हात सैल सुटतो, त्यासाठी लिंबू, मिरी, लसूण वापरून बघा. दिवसभराचं मीठ ५ ग्रॅमच्या आत असावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

साठीनंतर आपोआप वजन उतरलं की घरचे कौतुक करतात, ते मात्र मला अजिबात पटत नाही. प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात वजन ५ टक्क्यांनी घटलं तर डॉक्टरकडे जायला हवं.

चाळिशीतले लोक विचारतात, एवढ्यात कशाला? २०२५ मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात अमेरिकेतल्या सुमारे १,०५,००० लोकांचं मध्यमवयापासूनचं खाणं ३० वर्षांपर्यंत नोंदवलं होतं. सत्तरी गाठताना मोठे जुनाट आजार नाहीत आणि बुद्धी, शरीर, मन तिन्ही धड आहेत, असे त्यातले फक्त ९.३ टक्के निघाले. फळं, भाज्या, अख्खी धान्यं, कडधान्यं, सुकामेवा जास्त खाणाऱ्यांमध्ये असे लोक अधिक होते. मांसाहार पूर्ण सोडायची गरज त्यात दिसली नाही, वनस्पतिजन्य अन्नाचा वाटा मात्र मोठा होता.

आता आईवडिलांसाठी विचारणाऱ्यांना एक सांगते. त्यांच्या हातात काय खाऊ नये याची यादी देऊ नका. एकटा माणूस कमी खातो आणि तेच तेच खातो, हे मी रोज पाहते. आठवड्यातून जमेल तेवढ्या वेळा त्यांच्याबरोबर जेवायला बसा, त्यांच्या ताटात काय आहे ते बघा, आणि तिथे अंडं, दही किंवा घट्ट डाळ नसेल तर आधी ती वाढा.