पर्सेंटाइल राहू दे, व्हॅलिडिटी आली का?

सीईटीचा निकाल लागला की नातेवाईक पर्सेंटाइल विचारतात. मी आता आधी व्हॅलिडिटीचं, म्हणजे जात पडताळणी प्रमाणपत्राचं विचारते. मार्क पोरं आणतातच हो, घोडं अडतं ते कागदावर.

२०२५ ला भाचीच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचं सगळं माझ्याकडे आलं. दादा शेतीत आणि कारखान्याच्या हंगामी नोकरीत अडकलेला, वहिनी म्हणाल्या, "वन्सं, तुम्हीच बघा." मी एका सीएच्या ऑफिसात काम करते. रोज नोटिसा आणि रिटर्न हाताळणारी बाई, कागदांना घाबरत नाही. सीईटी, बारावी, ऑनलाइन नोंदणी यांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. पोरगी हुशार आहे, तिचं तिने केलं.

आम्ही माळी, म्हणजे ओबीसी. राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर तीन वेगवेगळे कागद लागतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. जातीचा दाखला प्रांत, म्हणजे उपविभागीय अधिकारी देतात. नॉन-क्रिमिलेयर, म्हणजे आपण ओबीसींमधल्या सधन थरात मोडत नाही याचं प्रमाणपत्र, तेही तिकडूनच मिळतं, पण त्याला मुदत असते, ती ३१ मार्चला संपते. आणि तिसरी व्हॅलिडिटी, म्हणजे तो जातीचा दाखला खरा आहे असं जिल्ह्याच्या जात पडताळणी समितीने दिलेलं प्रमाणपत्र. म्हणजे सरकारनेच दिलेला दाखला सरकारकडूनच तपासून घ्यायचा. बरं, तपासा. पण मग त्या दाखल्यावरचा शिक्का कशासाठी, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

अर्ज आम्ही वेळेत केला होता. ती बारावीला असतानाच, दिवाळीच्या सुट्टीत. ऑनलाइन अर्ज, कॉलेजचं प्राचार्यांच्या सहीचं पत्र, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, दादाचा शाळा सोडल्याचा दाखला, दादाचा जुना जातीचा दाखला, सगळं जोडून गठ्ठा समितीच्या ऑफिसात दिला, पावती घेतली. मग काहीच नाही. बारावीचे पेपर झाले, सीईटी झाली, मे उजाडला आणि मेसेज आला, आपल्या अर्जात त्रुटी आहे. लॉगिन करून पाहिलं तर एक ओळ: सबळ पुरावा सादर करावा.

खिडकीवर गेले.

"साहेब, सबळ म्हणजे कुठला?"

"मॅडम, सदुसष्टच्या आधीचा."

ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ ही मानीव तारीख आहे. त्याआधीचा वडिलांकडच्या कुणाचातरी जातीची नोंद असलेला कागद हवा. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१. या तारखा पाठच करून ठेवा. आणि जात सिद्ध करायची जबाबदारी अर्जदाराची, असं २००० च्या कायद्यातच लिहिलंय, त्यामुळे "तुमच्याकडेच रेकॉर्ड असेल ना" असं खिडकीवर म्हणून उपयोग नाही. मी म्हणून पाहिलंय.

दादाचा आणि माझा शाळेचा दाखला ऐंशीच्या दशकातला, म्हणजे बाद. आमचे अण्णा शाळेची पायरी चढले नाहीत. सात वर्षांचे असल्यापासून गुरं वळली. शाळेचा दाखला नाही म्हणून ज्या माणसाला आयुष्यभर अंगठा उठवावा लागला, त्याच्या नातीकडे आता त्याच्याच शाळेचा दाखला मागत होते. मी हे बोलून दाखवलं तेव्हा साहेब म्हणाले, "मग कोतवाल बुकाची नक्कल आणा."

कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना १४, गावातल्या जन्ममृत्यूची जुनी नोंदवही. तहसीलच्या अभिलेख कक्षात असते. अर्ज लिहायचा, कोर्ट फी स्टँप लावायचा आणि शोधणाऱ्याची मर्जी सांभाळायची. अण्णांच्या जन्माचं साल घरात कुणाला धड माहीत नव्हतं. "बेचाळीसच्या गडबडीनंतरचा" एवढंच थोरली आत्या सांगायची. त्या अंदाजाने वह्या उलगडल्या. कडा कुरतडलेल्या, पानं हात लावला की सुटणारी, आणि अक्षर मोडी. रेकॉर्ड सांभाळणाऱ्याला मोडी येत नाही, मला येत नाही. शेवटी मोडी वाचणारे एक निवृत्त गुरुजी सापडले. त्यांनी सावकाश बोट फिरवत वाचलं: बापाचं नाव म्हादू, जात माळी, पुरुष.

मुलाचं नाव? नाहीच. त्या काळी जन्म नोंदवताना बापाचं नाव, जात आणि मुलगा की मुलगी एवढंच लिहायचे. बारसं व्हायच्या आतच नोंद व्हायची, नाव कुठून असणार! मोडीचं लिप्यंतर आणि प्रमाणित नक्कल घेऊन मी मोठ्या ऐटीत समितीच्या ऑफिसात गेले. काही दिवसांनी दुसरी त्रुटी आली. हा मुलगा म्हणजे अर्जदाराचे आजोबाच कशावरून? शिवाय नोंदीत म्हादू, सातबाऱ्यावर महादेव, नावात तफावत.

खरं सांगते, त्या दिवशी खिडकीसमोर माझा आवाज चढला. पलीकडच्या टेबलावरचा तरुण कारकून उठून बाहेर आला आणि हळूच म्हणाला, "ताई, जमीन आहे ना? मग वारसाचा फेरफार काढा." त्या पूर्ण इमारतीत कामाचं वाक्य एवढं एकच ऐकलं.

फेरफार म्हणजे गाव नमुना ६. खातेदार वारला की वारसांची नावं लावताना त्यात नोंद होते. आमचे आजोबा गेले तेव्हाचा फेरफार काढला, आणि त्यात तलाठ्याने लिहून ठेवलं होतं: मयत म्हादू उर्फ महादेव, वारस म्हणून थोरले काका, मग अण्णा, मग आत्या. त्या "उर्फ" लिहिणाऱ्या तलाठ्याला मी मनातल्या मनात साष्टांग नमस्कार घातला.

आणि थोरले काका दोन इयत्ता का होईना, शाळेत गेले होते! गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जुनं जनरल रजिस्टर अजून आहे, मुख्याध्यापकांनी कपाटाच्या वरच्या फळीवरून काढून दिलं. स्वातंत्र्याच्या आसपासची नोंद, बालबोध अक्षर, वडिलांचं नाव म्हादू, जात हिंदू माळी. त्याचा उतारा घेतला. आता उताऱ्यात काकांची जात, फेरफारात काका आणि अण्णा सख्खे भाऊ, म्हादू आणि महादेव एकच. साखळी पूर्ण झाली. तिन्ही कागद, नावातल्या तफावतीचं प्रतिज्ञापत्र, वर क्रमाने लिहिलेलं एक पानी निवेदन. ते एक पान फार उपयोगी पडलं. तपासणाऱ्याला कागद नुसते देऊ नका, कुठला कागद काय सिद्ध करतो ते लिहून द्या. आम्ही इन्कम टॅक्सच्या असेसिंग ऑफिसरला देतो तसंच.

हे सगळं चाललं तोवर इकडे कॅपचे, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेचे राउंड सुरू झालेले. व्हॅलिडिटी हातात नसेल तर अर्जाच्या पावतीवर फॉर्म भरता येतो, म्हणून आम्ही तरलो. पण ठरलेल्या तारखेआत मूळ प्रमाणपत्र दिलं नाही तर पोर थेट खुल्या प्रवर्गात ढकललं जातं. त्या काळात मला रात्री झोप नव्हती. भाची मात्र शांत. "आत्या, तू टेन्शन घेऊ नकोस, मी पर्याय लावते," म्हणून लॅपटॉप घेऊन बसली.

पर्यायांचं तिच्याकडून शिकले ते सांगते. पर्याय म्हणजे आपल्याला हवी ती कॉलेजं आणि शाखा पसंतीच्या क्रमाने. ३०० पर्यंत पर्याय टाकता येतात, पण २०२५ पासून नियम बदललेत. पहिल्या राउंडला पहिल्या क्रमांकाचं कॉलेज लागलं की ते घ्यावंच लागतं, बेटरमेंट, म्हणजे पुढच्या राउंडला आणखी चांगलं मिळतंय का बघणं, नाही. दुसऱ्या राउंडला पहिल्या तिनांपैकी, तिसऱ्याला पहिल्या सहांपैकी लागलं तरी तसंच. म्हणून "टाकून तर ठेवू" म्हणत वरती काहीतरी टाकायचं नाही. कटऑफ बघताना मुलींनी एल अक्षराने सुरू होणारी रांग बघावी, एलओबीसी वगैरे, कारण मुलींच्या ३० टक्के जागा वेगळ्या असतात. खुल्याचा कटऑफ बघून आधीच रडणाऱ्या मुली मी पाहिल्यात.

व्हॅलिडिटी दुसऱ्या राउंडनंतर हाती आली. घरी कुणी पेढे आणले नाहीत, मीच आणले. प्रवेशाचे पेढे नंतर वेगळे वाटले. तिला पुण्यात कॉम्प्युटरला सीट मिळाली, तिसऱ्या राउंडला.

फीचं आता. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) मुलींना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. पूर्वी अर्धी होती. प्रवेश कॅपमधून झालेला हवा. पण "सगळं फुकट" असं समजून जाऊ नका, विकास शुल्क, होस्टेल, मेस वेगळं भरावं लागतं.

इथे ८ लाखांचा एक घोळ आहे, तो माझ्या ऑफिसातल्या लोकांनाही माहीत नव्हता. नॉन-क्रिमिलेयरसाठी जे ८ लाख मोजतात त्यात पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. फी माफीसाठी जो तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो त्यात सगळं धरतात. म्हणजे नॉन-क्रिमिलेयर सहज मिळालं म्हणून फी माफी मिळेलच असं नाही. दोन्ही नोकरी करणाऱ्या आईबापांनी हा हिशेब आधीच करावा. आणि दाखल्याचे अर्ज भरून देणारा सेतू केंद्रवाला "बसतंय ताई" म्हणाला म्हणून आकडा कमी लिहून घेऊ नका, पुढे रिटर्नशी जुळत नाही.

महाडीबीटीचा, म्हणजे शिष्यवृत्ती आणि फी माफीच्या सरकारी पोर्टलचा फॉर्म भाचीनेच भरला. तिथे फक्त खात्याची काळजी घ्या. पैसे खाते क्रमांकावर येत नाहीत, आधारला जे खातं सीड केलंय, म्हणजे जोडलंय, त्यात येतात, आणि आधारला एका वेळी एकच खातं जोडलेलं राहतं. मध्ये कुणी नवीन खातं काढलं आणि तिथे आधार जोडलं की पैसे तिकडे जातात. आधारच्या साइटवर बँक सीडिंग स्टेटस दिसतं, ते आधी बघा. कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागाने अर्ज पुढे ढकललाय का तेही विचारत राहा, तिथे अर्ज पडून राहतात. आणि दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं.

मुलग्यांसाठी, आणि प्रवर्गाशी संबंध न ठेवता सगळ्यांसाठीच, टीएफडब्ल्यूएसच्या (ट्यूशन फी वेव्हर स्कीम) जागा असतात. प्रत्येक शाखेला ५ टक्के जादा जागा, शिक्षण फी माफ, उत्पन्न ८ लाखांच्या आत. पर्याय भरताना टाकायचा त्याचा चॉइस कोड वेगळा, शेवटी टी असतो. साध्या कोडवर टाकलं की टीएफडब्ल्यूएस आपोआप मिळत नाही, दोन्ही टाकावे लागतात. ही जागा घेतली की नंतर शाखा किंवा कॉलेज बदलता येत नाही.

व्हॅलिडिटीकडे परत येते, कारण तिथेच माझा जीव अडकलाय. अकरावी सायन्सला प्रवेश घेतला की लगेच अर्ज करा. कॉलेजात पत्र मागा, "अजून वेळ आहे" म्हणाले तरी मागा. वडिलांकडच्या रक्तनात्यातल्या कुणाची व्हॅलिडिटी असेल, चुलतभाऊ-बहीण, काका, आत्या, तर ती वंशावळीसोबत जोडली की काम खूप सोपं होतं. आईकडची चालत नाही, तेवढी धावपळ वाचवा. मामाच्या मुलाची व्हॅलिडिटी घेऊन रांगेत उभ्या असलेल्या एका बाईंना मीच परत पाठवलं. पुरावा कमी वाटला तर प्रकरण दक्षता पथकाकडे जातं, मग घरी, गावात चौकशी होते. घाबरायचं कारण नाही, पण वेळ जातो.

धाकट्या दादाचा मुलगा यंदा अकरावीला आहे. त्याचा अर्ज जूनमध्येच भरला, सोबत त्याच्या ताईची, म्हणजे या भाचीची व्हॅलिडिटी, फेरफार आणि काकांचा उतारा. मूळ कागद मी कुणाच्या हातात देत नाही. रंगीत स्कॅन करून ठेवलेत, फाईलवर मोठ्या अक्षरात लिहिलंय, हलवू नये. परवा नात्यातला एकजण उतारा "दोन दिवसांसाठी" मागायला आला होता. त्याला शाळेचा पत्ता आणि रजिस्टरचा क्रमांक लिहून दिला.